आवाज नेमका कोण वाढवतो?

विशेष प्रतिनिधी

एकाच गाण्याची एक प्रत कुजबुजते आणि दुसरी कानठळ्या बसवते, असा अनुभव संगणकावर किंवा मोबाइलवर गाणी साठवणाऱ्या प्रत्येकाने कधी ना कधी घेतलेला असतो. याचा दोष बहुधा 'एमपीथ्री'च्या माथी मारला जातो. प्रत्यक्षात ध्वनीची फाइल लहान करण्याच्या तंत्रापेक्षा त्याच्या आगेमागे घेतले जाणारे आणि श्रोत्याला कधीही न सांगितले जाणारे निर्णयच या चढउतारास अधिक कारणीभूत असतात.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने ऑक्टोबर २०२५ मध्ये एक छोटासा, पण बोलका कायदा केला. इंटरनेटवरून चित्रपट आणि मालिका दाखवणाऱ्या कंपन्यांनी जाहिरातींचा आवाज मूळ कार्यक्रमापेक्षा मोठा ठेवू नये, एवढेच हा कायदा सांगतो. गव्हर्नर गॅविन न्यूसम यांनी त्यावर स्वाक्षरी केली आणि अंमलबजावणीसाठी १ जुलै २०२६ ही तारीख ठरवण्यात आली. दूरचित्रवाणीसाठी असाच कायदा अमेरिकेच्या संसदेने २०१० मध्येच केला होता. पण तेव्हा इंटरनेटवरील प्रक्षेपण त्याच्या कक्षेबाहेर राहिले होते.

वरवर पाहता जाहिरातींच्या या कायद्याचा आणि घरातल्या संगणकावर तयार केलेल्या एमपीथ्रीचा काही संबंध दिसत नाही. परंतु दोन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे. डिजिटल ध्वनीत कमाल मर्यादा ठरलेली असते. त्या मर्यादेच्या आत एखादे ध्वनिमुद्रण कानाला किती मोठे वाटावे, हे मात्र कोणीच ठरवून दिलेले नव्हते. ती मोकळी जागा ज्याने त्याने आपापल्या सोयीने भरली. रेकॉर्ड कंपन्यांनी भरली, जाहिरातदारांनी भरली, सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी भरली आणि आता गाणी ऐकवणाऱ्या कंपन्या ती भरत आहेत. श्रोत्याच्या हाती उरली ती फक्त आवाजाची कळ.

एक शब्द, दोन अर्थ

या विषयातील निम्मा गोंधळ 'कॉम्प्रेशन' या एका शब्दाने घातला आहे. ध्वनीच्या क्षेत्रात त्याचे दोन अगदी वेगळे अर्थ आहेत. पहिला अर्थ फाइलचा आकार कमी करण्याचा. एमपीथ्री, एएसी, ओपस ही त्याची उदाहरणे. दुसरा अर्थ आवाजाचा पल्ला कमी करण्याचा, म्हणजे मोठे आवाज दाबून आणि नंतर सगळेच उचलून हळू आणि मोठ्या आवाजांतील अंतर घटवण्याचा. हे काम स्टुडिओत होते, फाइल तयार होण्याच्या कितीतरी आधी.

पहिल्या प्रकाराने गाण्याचा दर्जा थोडाफार घसरू शकतो, पण त्याचा जाणवणारा आवाज फारसा बदलत नाही. दुसऱ्या प्रकाराने मात्र गाण्याचा आवाज, ठेका आणि स्वभावच पालटतो. दोघांचे नाव एकच असल्यामुळे दुसऱ्याच्या चुकीची शिक्षा पहिल्याला भोगावी लागते. त्यामुळे फाइल लहान होताना नेमके काय घडते, ते आधी पाहिले पाहिजे.

फाइल लहान होताना

सीडीवर ध्वनीचे मोजमाप सेकंदाला ४४,१०० वेळा घेतलेले असते आणि प्रत्येक मोजमाप १६ बिटांत, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर नोंदवलेले असते. डाव्या आणि उजव्या अशा दोन्ही बाजू मिळून सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट एवढी माहिती होते. १२८ किलोबिटच्या एमपीथ्रीत त्यातील जेमतेम अकरावा हिस्सा उरतो. हा चमत्कार प्रामुख्याने जर्मनीतील एर्लांगेन येथील फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवला. सुझान व्हेगा यांचे 'टॉम्स डायनर' हे वाद्यांशिवाय गायलेले गाणे त्यांनी कसोटी म्हणून वापरले होते. फाइलच्या नावापुढे लावायची 'एमपीथ्री' ही अक्षरे १४ जुलै १९९५ रोजी निश्चित झाली. २०१७ मध्ये फ्राउनहोफरने या तंत्राचा परवाना देण्याची योजनाही बंद केली आणि तंत्र सर्वांना खुले झाले.

एन्कोडर ध्वनीचे १,१५२ मोजमापांचे तुकडे पाडतो आणि प्रत्येक तुकड्यात कोणत्या वारंवारतेचा अंश किती आहे, हे काढतो. ढोलाच्या ठोक्याबरोबर पडलेल्या टाचणीचा आवाज माणसाला ऐकू येत नाही, या तत्त्वावर जे ऐकू येणार नाही ते ढोबळपणे नोंदवले जाते किंवा वगळले जाते. उरलेल्या अंशांवरून ऐकतेवेळी तरंग पुन्हा उभारला जातो. या तरंगाची एकूण ऊर्जा मूळ ध्वनीच्या ऊर्जेजवळच राहते. त्यामुळे सरासरी आवाजातला फरक सामान्यतः डेसिबलच्या एखाद्या अंशापुरताच असतो आणि तो कानाला कळत नाही.

पुन्हा उभारलेल्या तरंगाचा आकार मात्र मूळ तरंगासारखा हुबेहूब नसतो. काही शिखरे खाली येतात, काही मूळच्यापेक्षा वर जातात. बिटरेट जितका कमी, तितका हा फरक अधिक. कमी बिटरेटला एन्कोडर अतिउच्च वारंवारता कापून टाकतात. त्यानेही शिखरांची उंची बदलते. मूळ गाण्याची शिखरे कमाल मर्यादेला आधीच टेकलेली असतील, तर एमपीथ्रीतील शिखरे ती मर्यादा ओलांडतात. ऐकतेवेळी १६ बिटांत रूपांतर झाले, की मर्यादेबाहेरचा भाग सपाट कापला जातो. यालाच 'क्लिपिंग' म्हणतात. तारसप्तकात किंवा झांजेच्या आवाजात जी खरखर जाणवते, तिच्यामागे बरेचदा हेच कारण असते.

येथे एक महत्त्वाची गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. एमपीथ्री फाइलमध्ये तरंग साठवलेला नसतो. वारंवारतांचे अंश आणि त्यांना लावायचा गुणक साठवलेला असतो. त्यामुळे फाइलच्या आत छत असे नसतेच. छत लागते ते ऐकताना. म्हणूनच एन्कोडिंगमुळे मर्यादेबाहेर गेलेली शिखरे फाइलची एकूण पातळी थोडी खाली आणून वाचवता येतात. 'एमपीथ्रीगेन'सारखी साधने नेमका तो गुणकच बदलतात. या गुणकाची एक पायरी दीड डेसिबलची असते; म्हणून अशा साधनांत आवाज दीड-दीड डेसिबलनेच खालीवर होतो. फाइल नव्याने एन्कोड करावी लागत नाही आणि बदल उलटाही फिरवता येतो. मात्र स्टुडिओतच कापली गेलेली शिखरे कोणत्याही साधनाने परत येत नाहीत.

न दिसणारे हात

एन्कोडरमुळे सरासरी आवाज बदलत नसेल, तर एखादी फाइल निम्म्या आवाजाची का होते? याचे उत्तर एन्कोडिंगच्या आगेमागे काम करणाऱ्या पाच हातांत सापडते.

पहिला हात शिखरावर आधारित 'नॉर्मलायझेशन'चा. सीडी किंवा कॅसेटवरून गाणी उतरवून घेणाऱ्या अनेक प्रोग्रॅममध्ये ही सोय असते. फाइलमधील सर्वांत उंच शिखर शोधून ते कमाल मर्यादेला नेऊन टेकवायचे आणि बाकीचे सगळे त्याच प्रमाणात उचलायचे, एवढेच ती करते. दोन गाणी सारख्या आवाजाची होतील, अशी वापरणाऱ्याची समजूत असते. पण कान शिखर मोजत नाही. काही क्षणांतील सरासरी ऊर्जा मोजतो. जुन्या ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरून नाट्यगीते उतरवून घेणाऱ्यांची येथे हमखास फसगत होते. तबकडीवरील ओरखड्याचा एखादा 'टक्' हाच त्या फाइलमधील सर्वांत उंच बिंदू ठरतो. प्रोग्रॅम त्या ओरखड्याला छतापर्यंत नेतो आणि गायकाचा आवाज होता तिथेच, बारीकसा राहतो.

दुसरा हात दोन बाजूंची एक बाजू करण्याचा. स्टिरिओ ध्वनिमुद्रण मोनोत आणताना डाव्या-उजव्या बाजूंची बेरीज करून ती निम्मी केली जाते. दोन्हीकडे सारखाच असलेला आवाज, म्हणजे बहुतेक वेळा गायकाचा, तसाच राहतो. दोन्ही बाजूंना अगदी स्वतंत्र असलेले आवाज मात्र सुमारे तीन डेसिबलने उतरतात. आणि एकमेकांच्या उलट तरंग असलेले आवाज तर परस्परांना खोडून नाहीसेच होतात. भाषण किंवा कीर्तनाची फाइल लहान व्हावी म्हणून मोनो निवडणाऱ्याला साथीची वाद्ये मागे गेल्यासारखी वाटतात, ती यामुळे.

तिसरा हात चित्रपटांच्या ध्वनीचा. डीव्हीडीवरील ध्वनी अनेकदा पाच स्पीकर आणि एक खर्जाचा स्पीकर यांसाठी असतो. तो दोन स्पीकरांवर आणताना मधला आणि मागचे आवाज डाव्या-उजव्या बाजूंत मिसळावे लागतात. बेरीज छताबाहेर जाऊ नये म्हणून काही प्रोग्रॅम सगळ्याच आवाजाला आधीच खाली आणतात. प्रचलित प्रमाणांनी ही घट सुमारे साडेसात डेसिबल भरते. संवाद प्रामुख्याने मधल्या स्पीकरवर असतात, त्यामुळे रूपांतरित फाइलमध्ये गोळीबार ऐकू येतो आणि संवाद पुटपुटल्यासारखे वाटतात.

चौथा हात फाइलमध्येच लिहिलेल्या सूचनेचा. डॉल्बी कंपनीच्या एसी-थ्री पद्धतीत संवादांची पातळी सांगणारा एक आकडा फाइलबरोबर पाठवलेला असतो आणि डिकोडर त्यानुसार आवाज उणे ३१ या पातळीवर आणून ठेवतो. अनेक एन्कोडरमध्ये हा आकडा न विचारता उणे २७ भरलेला असतो. तो तसाच सोडला, की तयार झालेली फाइल मूळ ध्वनीपेक्षा चार डेसिबल खाली वाजते. ध्वनीला कोणी हात लावलेला नसतो. बदललेला असतो तो फक्त एक आकडा. नव्या ओपस पद्धतीच्या फाइलच्या सुरुवातीलाही आवाजाच्या वाढ-घटीचा असा आकडा ठेवण्याची सोय आहे.

पाचवा हात ऐकवणाऱ्या प्रोग्रॅमचा. डेव्हिड रॉबिन्सन यांनी २००१ मध्ये 'रिप्लेगेन' ही पद्धत सुचवली. गाण्याचा जाणवणारा आवाज मोजायचा आणि तो किती खालीवर करावा, याची चिठ्ठी फाइलला जोडायची, अशी ती कल्पना. अॅपलने २००२ मध्ये आयट्यून्समध्ये 'साउंड चेक' आणले, त्याचे तत्त्वही हेच. ध्वनीला धक्का न लावणारी ही पद्धत सर्वांत सभ्य म्हणावी लागेल. पण एक प्रोग्रॅम चिठ्ठी वाचतो, दुसरा वाचत नाही. फाइल एका पद्धतीतून दुसऱ्या पद्धतीत नेताना ती चिठ्ठी गळून पडते आणि कालपर्यंत मवाळ वाजणारे गाणे एकाएकी आठ-दहा डेसिबलने गरजू लागते. मग 'रूपांतरामुळे आवाज वाढला' अशी तक्रार होते. प्रत्यक्षात आवाज मूळपदावर आलेला असतो.

स्पर्धेची सुरुवात

मूळ आवाजच इतके असमान का, हा पुढचा प्रश्न. त्याचे उत्तर तंत्रात नसून बाजारात आहे. दोन ध्वनिमुद्रणे लागोपाठ ऐकवली आणि त्यांतील एकाचा आवाज किंचित मोठा असला, तर ऐकणाऱ्याला तेच अधिक स्पष्ट, अधिक भरदार वाटते. हा फरक एका डेसिबलचा असला, तरी श्रोता त्याला 'आवाज मोठा' न म्हणता 'दर्जा चांगला' म्हणतो. दोन एन्कोडरांची तुलना करणारे जाणकार आधी दोन्हींची पातळी सारखी करून घेतात, ते याच कारणाने.

रेकॉर्ड कंपन्यांनी हा मानवी स्वभाव ओळखला. सीडीचे छत ठरलेले. मग शिखरे दाबून सरासरी वर आणणे एवढाच मार्ग उरतो. १९९० च्या दशकात या स्पर्धेला वेग आला. ओएसिस या ब्रिटिश वाद्यवृंदाचा १९९५ चा आणि रेड हॉट चिली पेपर्सचा १९९९ चा अल्बम ही त्या शर्यतीची नेहमी सांगितली जाणारी उदाहरणे आहेत. सप्टेंबर २००८ मध्ये मेटॅलिकाचा 'डेथ मॅग्नेटिक' बाजारात आला तेव्हा मात्र चाहत्यांचाच संयम सुटला. त्याच गाण्यांची 'गिटार हीरो' या व्हिडिओ गेममधील आवृत्ती कमी दाबलेली आणि अधिक स्वच्छ असल्याचे श्रोत्यांच्या लक्षात आले. सीडी विकत घेणाऱ्याला खेळण्यातल्या गाण्यापेक्षा खराब ध्वनी मिळावा, हा प्रकार हजारो चाहत्यांनी ऑनलाइन निवेदनावर सह्या करून चव्हाट्यावर आणला.

या शर्यतीचा सर्वाधिक फटका एमपीथ्रीला बसला. छताला टेकवून तयार केलेल्या सीडीवरून एमपीथ्री केली, की शिखरे छताबाहेर जाणारच. मोकळी जागा ठेवली असती, तर हेच एन्कोडर निर्दोष ठरले असते. अॅपलने २०१२ मध्ये 'मास्टर्ड फॉर आयट्यून्स' हा उपक्रम सुरू केला, तेव्हा छताखाली थोडी जागा मोकळी सोडण्याचा सल्ला स्टुडिओंना दिला आणि शिखरे कोठे कापली जातात, हे तपासण्याचे साधनही दिले. ज्या दोषाचे खापर फाइल लहान करण्यावर फुटत होते, तो दोष मुळात स्टुडिओतला होता, याची ही एक प्रकारे कबुलीच होती.

मोजपट्टी मिळाली

अनेक वर्षे या वादात अडचण एकच होती. 'आवाज मोठा आहे' असे म्हणणाऱ्याकडे आकडा नव्हता. जाहिरातदार शिखर दाखवून सांगत, की मर्यादा कुठेच ओलांडलेली नाही. आणि ते खरेही असे. संवाद, शांतता, पावलांचा आवाज, मग एखादा स्फोट असा चढउतार मालिकेत असतो. जाहिरात पहिल्या सेकंदापासून शेवटच्या सेकंदापर्यंत छताला टेकलेली असते. शिखर दोन्हींचे सारखे, पण कानावरचा मारा वेगळा.

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २००६ मध्ये जाणवणारा आवाज मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली. कान खर्जाकडे कमी आणि मधल्या-वरच्या वारंवारतांकडे अधिक लक्ष देतो, हे धरून ती सरासरी ऊर्जा मोजते. २०११ च्या सुधारणेत कार्यक्रमातील शांत जागा हिशेबातून वगळण्याची तरतूद झाली, म्हणजे शांततेच्या आडून सरासरी खाली दाखवण्याची पळवाट बंद झाली. युरोपीय प्रक्षेपकांच्या संघटनेने २०१० मध्ये उणे २३ हा लक्ष्यांक ठरवला आणि शिखरांसाठी छताखाली एक डेसिबलची जागा राखून ठेवली. अमेरिकेतील प्रक्षेपकांनी उणे २४ हा आकडा धरला. तेथील जाहिरातींच्या कायद्यावर डिसेंबर २०१० मध्ये अध्यक्ष बराक ओबामा यांची स्वाक्षरी झाली आणि १३ डिसेंबर २०१२ पासून त्याचे नियम लागू झाले.

गाणी ऐकवणाऱ्या कंपन्यांनीही हीच मोजपट्टी उचलली. स्पॉटिफाय गाणी साधारणपणे उणे १४ या पातळीवर आणते, अॅपल म्युझिक उणे १६ वर. यूट्यूब मोठी गाणी खाली आणते, पण हळू गाणी वर उचलत नाही. याचा एक चांगला परिणाम झाला. उणे ८ पर्यंत दाबून भरलेले गाणे आपोआप सहा डेसिबल खाली आणले जात असेल, तर ते दाबण्यात हशील काय? शर्यतीतले बक्षीसच काढून घेतले गेले.

परंतु दुसरी बाजूही लक्षात घेतली पाहिजे. प्रत्येक कंपनीचा आकडा वेगळा, त्यामुळे एकच गाणे दोन ठिकाणी वेगवेगळ्या आवाजात वाजते. ही सोय अॅपच्या 'सेटिंग्ज'मध्ये कुठेतरी दडलेली असते आणि ती चालू आहे की बंद, याचा बहुसंख्य श्रोत्यांना पत्ता नसतो. पूर्वी जो निर्णय स्टुडिओ घेत असे, तो आता कंपनीचा सर्व्हर घेतो. श्रोत्याला विचारले जात नव्हते आणि आजही फारसे विचारले जात नाही.

आलाप आणि ढोलकी

आवाज सारखा करणे ही नेहमीच सुधारणा असते, असेही नाही. हिंदुस्थानी शास्त्रीय संगीताच्या श्रोत्यांना याची झळ सर्वांत आधी जाणवते. विलंबित ख्याल शांतपणे उलगडत जातो आणि द्रुत बंदिशीत त्याची उंची गाठली जाते. ध्वनिमुद्रणात हे दोन भाग बहुधा स्वतंत्र फाइलींत असतात. प्रोग्रॅमने प्रत्येक फाइल वेगळी मोजून दोन्ही एका पातळीवर आणल्या, की आलापाला द्रुताएवढा आवाज येतो आणि कलाकाराने अर्धा-पाऊण तास रचत नेलेली चढण सपाट होते. पाठोपाठ ढोलकीची लावणी लागली, तर तीही त्याच पातळीवर. तानपुऱ्याच्या साथीतला खर्ज आणि ढोलकीची थाप यांतले अंतर हा संगीताचाच भाग आहे, हे मोजपट्टीला कळत नाही.

यावरचा उपाय तंत्रात आधीपासून आहे. रिप्लेगेनमध्ये प्रत्येक गाण्याचा आणि संपूर्ण अल्बमचा, असे दोन स्वतंत्र आकडे नोंदवता येतात. अल्बमचा आकडा वापरला, की सगळ्या फाइली एकाच प्रमाणात खालीवर होतात आणि त्यांच्यातील आपसांतले अंतर अबाधित राहते. सरमिसळ गाणी ऐकताना पहिला आकडा उपयोगी, मैफल ऐकताना दुसरा.

घरातील जुन्या कॅसेट आणि तबकड्या डिजिटल करणाऱ्यांनी तर हा विचार आधीच केला पाहिजे. अशी ध्वनिमुद्रणे अनेकदा एकमेव असतात. आजोबांच्या कीर्तनाची किंवा गावच्या मैफलीची दुसरी प्रत कुठेच नसते. ती थेट एमपीथ्रीत उतरवून, वर शिखर ताणून आणि मूळ कॅसेट टाकून देणे म्हणजे कायमचे नुकसान ओढवून घेणे होय. उतरवताना छताखाली मोकळी जागा सोडावी, मूळ प्रत काहीही न वगळणाऱ्या 'फ्लॅक'सारख्या पद्धतीत जपावी आणि आवाजाची दुरुस्ती शक्यतो चिठ्ठीच्या रूपाने करावी. एमपीथ्री ही त्या मूळ प्रतीवरून केव्हाही करता येते. एमपीथ्रीवरून मूळ प्रत करता येत नाही.

कानांचा हिशेब

हा केवळ दर्दी श्रोत्यांचा प्रश्न असता, तर त्यासाठी कायदे करावे लागले नसते. इयरफोनवर हळू वाजणाऱ्या फाइलसाठी आवाज वाढवायचा आणि पुढची फाइल किंवा जाहिरात अंगावर यावी, हा प्रकार श्रवणशक्तीशी थेट संबंधित आहे. बारा ते पस्तीस या वयोगटातील ११० कोटी तरुणांच्या श्रवणशक्तीला मोठ्या आवाजाचा धोका असल्याचा अंदाज जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये व्यक्त केला होता. २०१९ मध्ये या संघटनेने आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघासह सुरक्षित श्रवणाचे मानक जाहीर केले. त्यानुसार प्रौढांनी आठवड्याला ४० तास ८० डेसिबलपर्यंत ऐकणे सुरक्षित धरले आहे. लहान मुलांसाठी ही मर्यादा ७५ डेसिबल आहे.

या हिशेबातली मेख अशी, की दर तीन डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मा होतो. ८० डेसिबलला ४० तास, ८३ ला २०, ८६ ला १० आणि ८९ ला अवघे पाच तास. गळून पडलेल्या एका चिठ्ठीने गाणे नऊ डेसिबलने चढले आणि श्रोत्याने कळ खाली केली नाही, तर आठवड्याचा साठा पाच तासांत संपतो. फाइलमधला किरकोळ वाटणारा आकडा असा थेट शरीरापर्यंत येऊन पोहोचतो.

नियम आहे, आकडा नाही

भारतात जाहिरातींच्या आवाजाबाबत नियमच नाही, असा एक समज आहे. तो बरोबर नाही. केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, १९९४ मधील जाहिरात संहितेत जाहिरातीचे दृश्य आणि ध्वनी अवाजवी 'लाउड' असू नयेत, असे कलम आहे. पण अवाजवी म्हणजे किती, हे त्या कलमात सांगितलेले नाही. पट्टीशिवाय मोजमाप होत नाही आणि मोजमापाशिवाय तक्रार सिद्ध होत नाही. १९९४ मध्ये अशी पट्टी जगात कुठेच सर्वमान्य नव्हती, ही सबब तेव्हा चालण्यासारखी होती. २००६ नंतर ती चालू शकत नाही.

अर्थात केवळ आकडा लिहून प्रश्न सुटतो, असेही नाही. अमेरिकेत कायदा लागू होऊन बारा वर्षे झाल्यावरही तक्रारी थांबल्या नाहीत आणि तेथील नियामक आयोगाने फेब्रुवारी २०२५ मध्ये नियमांचा फेरविचार सुरू केला. तरीही आकडा असल्यामुळे तेथे वाद 'मला मोठे वाटते' आणि 'मला वाटत नाही' यांच्यात अडकत नाही. कोणी मोजले, कशाने मोजले आणि किती भरले, यावर तो होतो.

घरच्या फाइलींच्या बाबतीत तर कायद्याची गरजही नाही. प्रोग्रॅमने आवाज बदलला असेल, तर तसे सांगावे, किती बदलला ते सांगावे आणि बदल रद्द करण्याची कळ समोर ठेवावी, एवढी माफक अपेक्षा आहे. श्रोत्यानेही दोन प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी. फाइलमधला ध्वनी बदलला आहे की फक्त त्याला जोडलेली चिठ्ठी? आणि तो मूळ ध्वनी स्टुडिओतून आला तेव्हाच छताला टेकलेला होता का? या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली, की बहुतेक तक्रारींचा खरा पत्ता सापडतो आणि तो एमपीथ्रीचा क्वचितच असतो.

तंत्राने मोजपट्टी दिली, ती देऊनही आता दोन दशके होत आली. ती कोणाच्या हाती असावी, हा मात्र तंत्राचा प्रश्न नाही. जोपर्यंत आवाजाविषयीचे निर्णय श्रोत्याच्या नकळत होत राहतील, तोपर्यंत तो दर गाण्यागणिक कळ फिरवत बसेल आणि दोष भलत्यालाच देत राहील.